रात्रीची लघवी आणि पिशवी ‘तरुण’ करणारी पेप्टाइडं

प्रश्न थोडक्यात असा: वडील ७२ वर्षांचे, निवृत्त गुरुजी, जिंतूर तालुक्यात गावी राहतात. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतात. सोनोग्राफीत प्रोस्टेट (पुरुषांत लघवीच्या नळीभोवती असणारी ग्रंथी) ४५ ग्रॅम आलं. वर्षभर टॅमसुलोसिन ही प्रोस्टेटच्या त्रासावरची गोळी चालू आहे, शिवाय शुगर आणि बीपीच्या गोळ्या आहेत. आईला खोकताना-शिंकताना लघवी सुटते. पुण्यातल्या भाच्याने मूत्राशयासाठीची पेप्टाइडं सुचवली आहेत, कॅप्सूलही आणि इंजेक्शनच्या छोट्या बाटल्याही. वयानं ढिली पडलेली लघवीची पिशवी त्यानं पहिल्यासारखी होते, असं त्याचं म्हणणं. मागवावीत का?

नका मागवू. निदान आत्ता तरी नका. पण पेप्टाइड म्हणजे सगळं थोतांड, असंही मी म्हणणार नाही. माझ्या ओपीडीत रोज वापरली जाणारी काही औषधं पेप्टाइडंच आहेत. भाचा सांगतोय ती वेगळी, आणि तुमच्या वडिलांचा त्रास मुळात पिशवीचा आहे की नाही हे अजून कुणी पाहिलेलंच दिसत नाही. माझी खरी हरकत या दुसऱ्या गोष्टीला आहे.

आधी भाच्याच्या बाटलीबद्दल. प्रथिनं अमिनो आम्लांच्या लांब साखळीनं बनतात. तीच साखळी आखूड असली की ती पेप्टाइड. आखूड म्हणजे किती? इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं असतात. ‘वय मागे नेणारी’ म्हणून विकली जाणारी पेप्टाइडं दोन, तीन, फार तर चार अमिनो आम्लांची. यातली बरीचशी रशियातून आली. १९७० च्या दशकात लेनिनग्राडच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत व्लादिमीर खाविन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वासरांच्या अवयवांपासून अर्क काढायला सुरुवात केली. थायमस ग्रंथीचा, मेंदूतल्या पिनियल ग्रंथीचा, पुढे प्रोस्टेटचाही. त्या अर्कांतलं नेमकं काय काम करतं याचा अंदाज बांधत त्यांनी नंतर प्रयोगशाळेत छोट्या साखळ्या तयार केल्या. पिनियलच्या नावाची साखळी अॅलॅनिन, ग्लुटामिक आम्ल, अस्पार्टिक आम्ल, ग्लायसिन अशी चारची. प्रोस्टेटच्या नावाची लायसिन, ग्लुटामिक आम्ल, अस्पार्टिक आम्ल, प्रोलिन. रक्तवाहिन्यांसाठी म्हणून जी सांगतात तिच्यात यातली पहिली तीनच. खाविन्सन २०२४ मध्ये वारले. त्यांचा सिद्धांत असा, की इतका छोटा रेणू पेशीच्या केंद्रकात शिरतो, डीएनएच्या ठरावीक जागी बसतो आणि म्हातारपणात मंदावलेली जनुकं पुन्हा कामाला लागतात.

कल्पना सुंदर आहे, पण पुरावा कुठवर पोचलाय ते बघा. काचेच्या बशीतल्या पेशी, उंदीर-घुशी, आणि माणसांवरचे काही अभ्यास, जे बहुतेक त्याच गटातून आलेले. लघवीच्या तक्रारींसाठी औषध खरं ठरवायचं तर चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात, एकाला औषध आणि दुसऱ्याला हुबेहूब दिसणारी पोकळ गोळी. डॉक्टरलाही माहीत नसतं कुणाला काय मिळालं. आमच्या मूत्रविकारांच्या शाखेत याला फार महत्त्व आहे, कारण लघवीच्या तक्रारी पोकळ गोळीनंही बऱ्यापैकी कमी होतात. टॅमसुलोसिन असो की उतावीळ पिशवी शांत करणारं मिराबेग्रॉन, सगळ्यांच्या चाचण्यांत हे दिसलं आहे. पिशवी ‘तरुण’ करणारी म्हणून विकली जाणारी पेप्टाइडं त्या चाळणीतून गेलेली नाहीत.

मराठवाड्यात आणखी एक गंमत होते. डिसेंबर-जानेवारीत थंडीनं घाम येत नाही, लघवी वाढते, म्हातारी माणसं रात्री हैराण होतात. मग कुणीतरी काहीतरी सुरू करतं. काढा असो, कॅप्सूल असो. मार्च संपता संपता पारा चाळिशीकडे सरकतो, अंगातलं पाणी घामावाटे जातं, रात्रीचे हेलपाटे आपोआप कमी होतात. श्रेय कॅप्सूलला. पुढच्या दिवाळीनंतर त्रास परत सुरू झाला की म्हणायचं, कोर्स पुन्हा करावा लागतो.

कॅप्सूलबद्दल एक गोष्ट तुम्हाला दुकानदार सांगणार नाही. या बाजारात दोन प्रकारचा माल एकाच नावाखाली फिरतो. एक प्रयोगशाळेत जोडलेल्या साखळ्यांचा, आणि दुसरा खरोखरच वासराच्या अवयवाचा अर्क. मूत्राशयाच्या नावाची जी कॅप्सूल बहुतेक ठिकाणी दाखवतात ती या दुसऱ्या प्रकारची, म्हणजे वासराच्या मूत्राशयाच्या ऊतींपासून काढलेली. तुमच्या वडिलांच्या गळ्यात माळ असेल, किंवा नसली तरी, तोंडात काय जातंय हे त्यांना आधी सांगायला नको का? वेष्टनावरचं बारीक अक्षर भिंग घेऊन वाचा.

आता पोटातून घेतलेलं पेप्टाइड टिकतं का? ‘सगळं पचून जातं’ असं सरसकट उत्तर आमचे काही डॉक्टर मित्र देतात, ते पूर्ण बरोबर नाही. दोन-तीन अमिनो आम्लांच्या साखळ्या आतड्यातून आहे तशा उचलून आत घेणारी व्यवस्था शरीरात आहे. पण मग प्रश्न उलटा उभा राहतो. लायसिन आणि ग्लुटामिक आम्लाच्या जोड्या तुरीच्या डाळीच्या प्रथिनातही भरपूर असतात. रोजच्या वरणातून पचताना असे छोटे तुकडे आतड्यात सुटतच असतात. त्यांतला एखादा नेमका पिशवीपर्यंत जाऊन तिथलीच जनुकं जागी करतो, आणि बाकीचे निमूट इंधन म्हणून वापरले जातात, हे कशावरून? याचं पटण्याजोगं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

बाटलीचं प्रकरण जास्त गंभीर. भाच्यानं फोटो पाठवला असेल तर त्यावर बघा, ‘फक्त संशोधनासाठी, माणसांच्या वापरासाठी नाही’ अशी ओळ बहुतेक असते. ती ओळ विकणाऱ्याला कायद्यातून सुटायला असते, तुमच्या वडिलांच्या भल्यासाठी नाही. आत तीच साखळी आहे का, किती शुद्ध आहे, जंतूंचे विषारी अंश राहिलेत का, हे कुणी तपासलेलं नसतं. सुकी पावडर थोडा उन्हाळा सोसते, पण पाण्यात कालवल्यावर ती फ्रीजमध्येच ठेवावी लागते. मे महिन्यात दुपारची लाइट गेलेल्या घरात ते कसं जमणार? वर शुगरच्या माणसानं घरच्या घरी टोचायचं. पोटावर गळू झालेले पेशंट मी पाहिले आहेत, त्यामुळे याबाबतीत माझं मत जरा कडक आहे.

आणखी एक नाव तुमच्यापर्यंत येईलच: बीपीसी-१५७. पंधरा अमिनो आम्लांची ही साखळी जिममधल्या पोरांत आधी पसरली. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं २०२२ पासून खेळाडूंना ती वर्ज्य केली आहे. मूत्राशयाच्या जुनाट दुखण्यावर अमेरिकेत १२ बायकांवर एक छोटा प्रयोग झाला. दुर्बिणीतून पिशवीच्या भिंतीतच ते टोचलं आणि बहुतेकींना बरं वाटलं. तुलनेला दुसरा गटच नव्हता. मला त्यात रस आहे, पुढं काय होतं ते मी बघत राहीन, पण त्यावरून गुरुजींना सुई टोचायला मी सांगणार नाही. त्यांना दुखणं नाही, आणि तो प्रयोग कातडीखाली टोचण्याचा नव्हताच.

आता आमच्या वापरातली पेप्टाइडं. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये महिन्यानं किंवा तीन महिन्यांनी देतात ती ल्युप्रोलाइडची इंजेक्शनं नऊ अमिनो आम्लांची. मेंदूतल्या ज्या संप्रेरकावरून ती घडवली, त्याचा शोध लावणाऱ्या शॅली आणि गिलेमिन यांना १९७७ चं नोबेल मिळालं. आणि रात्रीच्या लघवीसाठी खरोखर काम करणारं एक पेप्टाइड आहे: डेस्मोप्रेसिन. मूत्रपिंडाला ‘पाणी धरून ठेव’ असं सांगणारं व्हॅसोप्रेसिन आपल्या शरीरात तयार होतं. त्याच्यात थोडा बदल करून १९६० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियात हे बनवलं. तरुणपणी व्हॅसोप्रेसिन रात्री वाढतं, म्हणून आपण सलग झोपू शकतो. वय झालं की ही रात्रीची वाढ बऱ्याच जणांत मावळते. डेस्मोप्रेसिन ती उणीव भरून काढतं आणि तेही वर सांगितल्या तशा दोन गटांच्या चाचण्यांत सिद्ध झालेलं.

मग ते सगळ्यांना का देत नाही? कारण ते खरं औषध आहे, म्हणून त्याचा तडाखाही खरा आहे. शरीरात पाणी अडतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. पासष्टीच्या पुढे हा धोका वाढतो. बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड मिसळलेलं असेल तर आणखी. एका मे महिन्यात एक आजोबा बरळत असताना त्यांना आणलं. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. त्यांनी दोन दिवस कैरीचं पन्हं, लिंबूपाणी, माठातलं पाणी असा मारा केला होता. सोडियम निघालं ११६. नॉर्मल १३५ च्या वर असतं. उशाखाली नातेवाइकाच्या चिठ्ठीवर आणलेली डेस्मोप्रेसिनची पट्टी सापडली. जितकं पाणी पाजलं तितकं ते अडत गेलं. आठवड्यानं ते चालत घरी गेले, पण तो आठवडा आयसीयूत काढावा लागला. हे औषध द्यायचं तर आधी सोडियम तपासायचं, सुरू केल्यावर आठवड्याच्या आत पुन्हा, महिन्यानं पुन्हा, आणि गोळी घेतल्यावर सकाळपर्यंत पाणी मोजून प्यायचं. त्यामुळे चुकूनही स्वतःहून आणू नका.

आता तुमच्या वडिलांकडे येतो. रात्री चार-पाच वेळा उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची पिशवीच बिघडलीय असं धरून सगळे चालतात, आणि मला रोज हेच खोडून काढावं लागतं. कितीदा असं असतं की पिशवी बरी आहे, प्रोस्टेटही फारसं आडवं येत नाही, पण मूत्रपिंड रात्री प्रमाणापेक्षा जास्त लघवी बनवतंय. वरचा नळ सुरू ठेवून रांजण मोठा आणण्यात काय अर्थ?

हे ओळखायला मशीन लागत नाही. मेडिकलमधून किंवा भांड्याच्या दुकानातून मापाच्या रेघा असलेला प्लास्टिकचा मग आणा. तीन दिवस प्रत्येक लघवी मोजून, वेळ घालून वहीत लिहा. गुरुजी आहेत, वही नीटच भरतील. सोबत काय प्यायले तेही. झोपायला गेल्यानंतरची सगळी लघवी रात्रीची, आणि सकाळी उठल्यावरची पहिलीसुद्धा रात्रीचीच, कारण ती रात्रीच बनलेली असते. नेमकी तीच बरेच जण दिवसात टाकतात आणि हिशेब चुकतो. समजा चोवीस तासांत १८०० मिली झाली आणि त्यातली ८०० रात्रीची. म्हणजे ४४ टक्के. या वयात तिसऱ्या हिश्शाच्या, साधारण ३३ टक्क्यांच्या, वर गेलं की दोष रात्रीच्या उत्पादनाचा. एका वेळची मात्राही बघा. प्रत्येक वेळी ३०० मिली होत असेल तर पिशवी तिचं काम चोख करतेय. ८०-१०० मिलीसाठीच धावावं लागत असेल, तर मग पिशवी किंवा प्रोस्टेट.

रात्रीचं उत्पादन वाढतं कशानं? संध्याकाळी घोट्यावर बोट दाबून बघा, खड्डा पडतो का. दिवसभर पायात साचलेलं पाणी आडवं झालं की रक्तात परततं आणि लघवीवाटे निघतं. बीपीसाठी अॅम्लोडिपिन असेल तर त्यानंही पाय सुजतात. हृदय आणि मूत्रपिंडाची तपासणी आधी व्हायला हवी. ते ठीक असेल तर दुपारी तास-दोन तास पाय उंच ठेवून पडल्यानं आणि दिवसा दाबाचे मोजे घातल्यानं पुष्कळांना फरक पडतो. शुगर रात्री चढी असेल तर लघवी वाढणारच. शुगरच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन असेल तर ती साखर लघवीतूनच बाहेर काढते. ती रात्री घेत असतील तर सकाळी घेता येईल का हे डॉक्टरांना विचारा, परस्पर बंद करू नका. मोठ्यानं घोरतात आणि मधेच श्वास अडकतो असं आई सांगत असेल, तर झोपेतल्या श्वासाच्या आजारानंही रात्रीची लघवी वाढते. हे मी विचारलं की लोक चकित होतात.

आणि जेवणाखाणाचं. रात्रीच्या भाकरीवर पातळ रस्सा, मग ताक, वर झोपताना गोळ्यांसोबत तांब्याभर पाणी, आणि पहाटे चारला उषःपान म्हणून पुन्हा लिटरभर. मग पाच वेळा उठावं लागतं यात नवल काय! दिवसभराचं पाणी कमी करू नका. आपल्या भागात मुतखड्याचे पेशंट उन्हाळाभर येत असतात, त्यांत भर नको. ते फक्त सकाळ-दुपारी सरकवा आणि झोपेच्या आधीचे तीन तास कोरडे ठेवा. रात्रीच्या जेवणात खारी चटणी, पापड, लोणचं कमी करा. मीठ कमी झालं की रात्रीची लघवी कमी होते.

वहीतून पिशवी-प्रोस्टेटकडेच बोट गेलं तर? ४५ ग्रॅम या आकड्याला घाबरू नका. गाठ मोठी असून धार मोकळी असणारे आणि गाठ लहान असून तुंबणारे, दोन्ही असतात. लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते ते सोनोग्राफीत मोजून घ्या, आणि धारेचा वेग यूरोफ्लोमेट्रीवर. सेकंदाला १० मिलीच्या खाली असेल तर अडथळ्याचा संशय. पिशवी जास्त उत्तेजित असेल तर मिराबेग्रॉन देता येतं. सोलिफेनासिन, ऑक्सिब्युटिनिनसारख्या जुन्या गटातल्या गोळ्या म्हाताऱ्या माणसात विसरभोळेपणा आणि बद्धकोष्ठ वाढवू शकतात, आणि पिशवीत लघवी उरत असेल तर तुंबवतात, म्हणून उरलेली लघवी मोजल्याशिवाय त्या नकोत. सर्दी-पडशाच्या मेडिकलवरच्या गोळ्यांनीही तुंबते. थंडीत रात्री-अपरात्री नळी टाकायला येणाऱ्यांत असे बरेच असतात.

पिशवी म्हातारी होतेच, हे खरं. तिच्या भिंतीतला स्नायू कमी होतो, तंतू वाढतात, आकुंचन अशक्त होतं, आणि वर ती विनाकारण उचंबळतेही. यावर पेप्टाइडं शोधणाऱ्यांना मी हसत नाही. उद्या त्यातून चांगलं औषध निघेलही. पण आज बाजारात जे आहे ते त्या संशोधनाच्या नावावर खपवलेलं आहे.

आईंबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. घराघरात असंच होतं. वडिलांची सोनोग्राफी होते, आई लुगड्याच्या आत फडकं ठेवून दिवस काढते. खोकताना सुटणारी लघवी ही ओटीपोटाच्या तळाचा स्नायू सैल पडल्याची खूण. लघवी किंवा वारा रोखून धरतो तसा तो स्नायू आत ओढायचा, आठ-दहा सेकंद धरायचा, सोडायचा. दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करताना मधेच थांबवून सराव करू नये. कंटाळवाणं आहे, पण याचा पुरावा त्या बाटल्यांपेक्षा कैकपट भक्कम. एकदा फिजिओथेरपिस्टकडून पद्धत बघून घ्या, कारण बऱ्याच जणी पोट आवळतात आणि खालचा स्नायू तसाच राहतो. जळजळ किंवा वारंवार इन्फेक्शन होत असेल तर पाळी गेल्यानंतर योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचा उपयोग होतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. आणि त्या पाणी किती पितात हेही बघा. शेतात, प्रवासात, लग्नाकार्यात जायला जागा नसते म्हणून दिवसभर पाणीच न पिण्याची सवय आपल्याकडच्या बायकांना असते. ऊसतोडीच्या फडावर तर विचारूच नका.

लघवीत रक्त दिसलं, अगदी एकदाच आणि न दुखता दिसलं तरी, थांबू नका. लघवी पूर्ण अडली, थंडी वाजून ताप आला, किंवा पाठीच्या दुखण्यासोबत पायातली ताकद गेली तर त्याच दिवशी दवाखाना.

नाहीतर घाई नाही. तीन दिवसांची वही भरा, सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत घाला, आणि परभणी, नांदेड, संभाजीनगर, जवळ पडेल तिथल्या यूरोलॉजिस्टला दाखवा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), सोडियम, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि लघवीची साधी तपासणी आधीच करून नेलीत तर एक हेलपाटा वाचेल. पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी करायची की नाही ते तपासून ठरवतील. आणि भाच्यानं बाटल्या आधीच पाठवून दिल्या असतील, वडिलांनी दोन-चार टोचूनही घेतल्या असतील, तर लपवू नका. रिकामी बाटली लेबलासकट सोबत न्या.